राखीव नमुना

"मॅडम, धूलकोटवाला नमुना यंदा आला नाही अजून," मदतनीस समाधान दारातूनच म्हणाला. "गेटवर विचारून आलो. साडेदहाची बस पण निघून गेली."

मंगलाबाई अंधाऱ्या खोलीत बसल्या होत्या. टेबलावरच्या ताटात मका पसरलेला होता, वर जांभळट दिवा होता आणि त्या चिमट्याने एकेक दाणा उलटून पाहत होत्या. चांगला दाणा त्या उजेडात गप्प असतो. बुरशीने धरलेला हिरवट-पिवळा चमकतो.

"मी विचारलं का?"

"नाही. पण दरसाल तुम्ही दिवसातून दोनदा विचारता, म्हणून आधीच सांगून टाकलं."

बावीस वर्षं एकाच बाईबरोबर बुरशी पाहिल्यावर एवढं बोलायचा हक्क माणसाला मिळतोच. मंगलाबाईंनी पुढचा दाणा उलटला आणि कागदावर एक फुली मारली.

डॉक्टर मंगला चौधरी, वय एकोणसाठ, राहणार बुऱ्हाणपूर. शहराबाहेरच्या पीक संशोधन केंद्रात त्यांची एकतीस वर्षं गेली होती आणि ती सगळी एका प्रश्नाच्या मागे गेली होती: धान्यावर बुरशी येते, ती जाते, पण जाताना मागे काय ठेवून जाते? मका, भुईमूग, ज्वारी, लाल मिरची, जे जे म्हणून तापीकाठी पिकतं आणि दमट खोलीत साठवलं जातं, ते त्यांनी दळून, द्रावणात घोळून, काचेवर चढवून पाहिलं होतं. बुरशीचं विष दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. बुरशी झटकून टाकली, दाणा उन्हात घातला, भाजला, तरी ते हटत नाही. एका दिवसात ते कुणाला मारतही नाही. वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात जातं आणि एक दिवस यकृत हात टेकतं. हे सगळं मंगलाबाई गावोगाव फिरून सांगत आल्या होत्या. मका ओला भरू नका, प्लास्टिकच्या ताडपत्रीत कोंडू नका, काळे-हिरवे दाणे निवडा, निवडलेले कोंबड्यांपुढे टाकू नका. लोक मान डोलवत, चहा पाजत आणि ओला मका ताडपत्रीत कोंडत.

अशा बाईला जेवायला कोण बोलावणार? शनवारा दरवाजाजवळच्या गल्लीत त्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत. खाली घरमालकीण गायत्रीबाई. पहिल्या वर्षी गायत्रीबाईंनी संक्रांतीला शेंगदाण्याची पोळी वर नेली होती. मंगलाबाईंनी ती मोडून आधी उजेडाकडे धरली. सवय हो, दुसरं काय! पण गायत्रीबाईंनी ते पाहिलं आणि तेव्हापासून वरच्या जिन्याला फक्त दूधवाल्याचे पाय लागत होते. लग्नाच्या पंगतीत मंगलाबाईंच्या शेजारची जागा शेवटी भरायची. वाढपीसुद्धा चटणी वाढताना त्यांच्यापाशी जरा घाबरायचा. त्यांना हे कळत होतं. कळून उपयोग नव्हता. जे डोळ्याला एकदा दिसायला लागलं ते न पाहिल्यासारखं कसं करायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आणि धूलकोटचा नमुना?

श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते. बुऱ्हाणपूर मध्यप्रदेशात गेलं तरी कानबाईला ते कुणी कळवलेलं नाही. इथेही ती बसतेच. तर त्या रविवारच्या आधी, शुक्रवारी नाहीतर शनिवारी, धूलकोटहून येणाऱ्या बसचा कंडक्टर केंद्राच्या गेटवर एक पिशवी देऊन जायचा. जुन्या धोतराच्या फडक्याची, हाताने शिवलेली, वीतभरसुद्धा नाही. आत गहू. बरोबर वहीच्या पानाचा तुकडा: 'गहू. धूलकोट.' नाव नाही, पत्ता नाही. अकरा वर्षं हे चाललं होतं.

नियमाप्रमाणे असा नमुना घ्यायचाच नाही. विष सगळ्या दाण्यांत सारखं नसतं, एका दाण्यात असतं आणि शेजारच्या हजारात नसतं. म्हणून नमुना किमान दोन किलो लागतो. हा शंभर ग्रॅमचाही नाही. परत पाठवावा तर कुणाला? मंगलाबाई रजिस्टरात वजन लिहीत, पुढे 'नमुना अपुरा' असा शेरा मारत आणि तरीही तपासत. अर्धा दळायचा, अर्धा जसाच्या तसा सीलबंद करून थंड कपाटात वर्षभर राखीव ठेवायचा. अहवालात दरवर्षी एकच ओळ: दोष आढळला नाही. न्यायला कोणी यायचं नाही. अकरा अहवाल फायलीत पडून होते.

पाठवणारं कोण हे मंगलाबाईंना न कळायला त्या काही दुधखुळ्या नव्हत्या. धूलकोट त्यांचं माहेर. म्हणजे माहेर म्हणायचं ते लग्न झालेल्या बायकांनी; मंगलाबाईंचं लग्न झालंच नाही, तेव्हा ते नुसतं घर. तिथे त्यांचे थोरले भाऊ उखर्डू आणि वहिनी रंभाबाई. आधीची दोन मुलं गेली म्हणून आईने तिसऱ्याला उकिरड्यावर लोळवून घेतलं आणि नाव ठेवलं उखर्डू. तो जगला, मागून मंगला झाली, आणि तिला बुऱ्हाणपूरला शिकायला ठेवताना बापाशी भांडला तोही हाच.

बारा वर्षांपूर्वी त्याच दादाने मक्याची एक पिशवी आणून बहिणीच्या टेबलावर ठेवली होती. "घरचं हाय, पाहून सांग." बहिणीने पाहिलं. मका वाईट होता, फार वाईट. तिने सांगितलंच, पण रजिस्टरातही लिहिलं, कारण टेबलावर आलेला प्रत्येक दाणा रजिस्टरात जातो. महिन्याचा तक्ता वर गेला, वरून तो बाजारात पोचला आणि त्या हंगामात धूलकोटच्या मक्याकडे व्यापारी फिरकला नाही. गाव उखर्डूच्या दारात आलं. "घरात सांगायचं होतं मंगले," दादा एवढंच म्हणाला. "कागदावर कायले?"

तरी त्या श्रावणात त्या कानबाईला गेल्या. सगळे पाटावर बसले होते. रंभाबाईंनी ताटात रोट वाढला, म्हणजे कानबाईच्या प्रसादाची गुळातली जाड पोळी, आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तपासून घ्या ताई, मंग खा."

कुणी हसलं नाही. मंगलाबाई पाटावरून उठल्या. कानबाईचा रोट ताटात टाकून उठणं म्हणजे काय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. चपला घातल्या आणि बस धरली. दादा फाट्यापर्यंत मागे आला होता, बोलला मात्र नाही. पुढच्या श्रावणात पहिली पिशवी आली.

तेव्हा ती पिशवी म्हणजे वहिनीचा टोमणा, यात मंगलाबाईंना शंका नव्हती. दरवर्षी सणाच्या तोंडावर आठवण: घ्या ताई, तपासा. आणि त्याही अशा हट्टी की टोमणासुद्धा नियमाप्रमाणे तपासायच्या. इतर नमुने एकदा, हा दोनदा.

यंदा चैत्रात दादा गेला. फोन आला, मंगलाबाई गेल्या, बायकांत बसल्या, तेराव्याला पुन्हा गेल्या आणि आल्या. वहिनी एका शब्दानं बोलली नाही. आता टोमणाही बंद झाला. त्याचंच एवढं का लागावं हे मंगलाबाईंना समजेना. पण वर्षातून एकदा त्या घरातलं कुणीतरी पिशवी शिवत होतं, तेवढा वेळ तरी यांचं नाव मनात आणत होतं. ते संपलं की मग त्या घराशी यांचा संबंध तो काय उरला? हे त्यांनी कुणाला सांगितलं नसतं. सांगायला कुणी नव्हतंच.

त्यांनी दिवा बंद केला आणि खिडकीचा पडदा सारला.

"हे घ्या," समाधानने कागद पुढे केला. "राखीव नमुन्यांची यादी. ज्यांचं एक साल झालं, ते नष्ट करायचे. बासष्ट आहेत. मागे खड्डा खोदून झाला, जेवण झालं की टाकून चुना मारतो."

मंगलाबाईंनी सही केली. समाधान तिथेच घुटमळला.

"एकतीस नंबरला धूलकोटवाला आहे. मागच्या सालचा. तो पण टाकू?"

"त्याला नियम वेगळा आहे का?"

"नाही, बराबर आहे," तो म्हणाला आणि गेला.

बाराच्या सुमारास गेटवरून फोन आला की एक म्हातारी मॅडमना भेटायचं म्हणते आहे, नाव सांगत नाही. मंगलाबाईंना वाटलं, मिरचीवाली कोणी असेल. दार उघडलं तर रंभाबाई. पांढरं लुगडं, हातात नायलॉनची पिशवी, घामाने थबथबलेल्या.

"वहिनी? तुम्ही?"

"येऊ का आत? का चपला बाहीर काढू?"

"राहू द्या. या, बसा."

रंभाबाई स्टुलावर टेकल्या. बाटल्या, काचा, तराजू, भिंतीवरचं बुरशी लागलेल्या कणसाचं मोठं चित्र, सगळं त्यांनी सावकाश पाहून घेतलं. मंगलाबाईंनी पाणी दिलं. ते त्या घटाघटा प्यायल्या आणि पदराने तोंड पुसलं.

"योगेशले सांगतलं डोळे दाखवाले जातो. आली मातर तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. योगेश त्यांचा मुलगा, इंदूरला नोकरीला. "एक सांगाचं होतं. फोनवर सांगाची गोष्ट नाई ते."

आता काय ऐकावं लागणार म्हणून मंगलाबाई ताठ बसल्या.

"यंदा कानबाई नाई बसत आपल्याकडं. त्याहीले वरीस नाई झालं अजून. म्हून मूठ नाई काढली. तुमचीच नाई असं नाई, कोनाचीच नाई काढली. म्हटलं तुम्ही वाट पाहसान. तुम्हाले वाटन, भाऊ गेला आन् हिनं पह्यले ननंदची मूठ बंद केली. तसं नाई, ताई. देवीची आन."

"मूठ," मंगलाबाई म्हणाल्या.

"सव्वा मूठ हो. दरसाल पाठोत होते ना ते."

मंगलाबाईंना एकदम लहानपणीची ओसरी आठवली. कानबाईच्या आधीच्या शुक्रवारी बाप गव्हाची रास पुढे घेऊन बसायचा. घरातल्या एकेकाच्या नावाने सव्वा मूठ गहू, रोटासाठी. काही घरांत फक्त पुरुषांच्या नावाने काढतात. चौधऱ्यांच्या घरी घरात जन्मलेल्या सगळ्यांच्या आणि आलेल्या सुनांच्या. लेक लग्न होऊन गेली की तिची मूठ थांबते. तो रोट घरच्यांनीच खायचा, बाहेर द्यायचा नाही, कण सांडायचा नाही.

रंभाबाई आपल्या ओघात बोलत होत्या. आल्या तशा मोकळ्या झाल्यासारख्या वाटत होत्या.

"आधी सोताची काढत, मंग माही, योगेशची, सुनेची, नातवाची. तुमची शेवटी. ते येगळी फडक्यात बांधत. मी म्हने, पाठोता कायले, बलावून घ्या ना ताईले. तर म्हनत, ती उठून गेली, तिच्या मनानं येईन तवा येईन. आन् तू म्हनली ना तपासून खा? मंग तिची मूठ तिथंच पाठोतो. तपासन आन् खाईन. लेक लगीन करून गेली नाई, तिची मूठ थांबवनारा मी कोन? असं म्हनत." त्या थोडं थांबल्या. "माह्या तोंडातून गेलं होतं तवा, ताई. मक्यापायी लय ऐकलं होतं गावाचं. पन कानबाईपुढं बोलाले नव्हतं पाह्यजे."

"मी पण उठायला नको होतं."

"हाव," रंभाबाई म्हणाल्या. "उठाले नव्हतं पाह्यजे."

बाहेर समाधानच्या डब्याचं झाकण वाजलं. मंगलाबाईंनी विचारलं, "दादाने नाव का नाही लिहिलं कधी? नुसतं गहू, धूलकोट?"

"नाव?" रंभाबाईंना हा प्रश्नच कळला नाही. "घरच्या मानसाले मूठ पाठोताना कोनी आपलं नाव लिव्हते का?"

मग त्यांनी आपला उजवा हात मांडीवर उघडून धरला आणि त्याच्याकडे पाहत म्हणाल्या, "मागल्या तीन साली हातात जोर नव्हता त्याहीच्या. झटका आलता ना, उजवी बाजू गेलती. मूठच वळे नाई. दाने गळत बोटातून. मी म्हने, मी काढतो. तर ऐकत नाई. बापानं माह्या हाती देलं, म्हनत. एका मुठीले अर्धा अर्धा घंटा लागे. आमच्या मुठी मंग माह्याकून काढून घेत. तुमची मातर सोता."

झटक्याचं मंगलाबाईंना त्याच वर्षी कळलं होतं. जाऊ जाऊ म्हणता तीन वर्षं गेली होती.

"गोड निघत ना रोट?" रंभाबाईंनी विचारलं. "खालच्या वावरातला गहू तो. ते दरसाल म्हनत, मंगलीनं आता दळला असन, आता भाजला असन. मले कधी कधी हसूच ये. म्हटलं एवढ्या शिकेल बाईले रोट येते का भाजता?"

एकतीस वर्षांत मंगलाबाईंनी नमुन्यात नाही ते कधी लिहिलं नव्हतं आणि तोंडाने सांगितलंही नव्हतं. व्यापाऱ्यांनी विनवलं होतं, एका आमदाराच्या माणसाने धमकावलं होतं, सख्ख्या भावाने घरचं म्हणून सांगितलं होतं. त्यांचा शब्द म्हणजे शब्द, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं.

"हो वहिनी," त्या म्हणाल्या. "गोड व्हायचे."

"सगळा खात होत्या ना? टाकत-बिकत..."

"एक कण नाही सांडला."

रंभाबाईंचा चेहरा निवला. त्यांनी मान हलवली, दोनदा, आणि पिशवी उचलली. चहा नको म्हणाल्या, बस जाईल. गेटपर्यंत मंगलाबाई सोबत गेल्या. कडुलिंबाखाली उभं राहून रंभाबाई म्हणाल्या, "योगेश म्हनते, पुढच्या सालापासून कानबाई इंदूरलेच नेऊ. मले बी तिकडंच नेतो म्हनते. तिथं फ्लॅटमधी कोन रास मांडते आन् कोन मुठी मोजते. थैलीचं पीठ आनतीन, झालं. आपल्या घरच्या मुठी झाल्या आता, ताई."

बस आली. कंडक्टरने हात देऊन त्यांना वर घेतलं. तोच कंडक्टर, पिशवी आणणारा. त्याने मंगलाबाईंना ओळखीचा नमस्कार केला.

त्या परत आल्या आणि त्यांनी कपाटातून रजिस्टरं काढली. अकरा वर्षांची अकरा पानं शोधायला वेळ लागला नाही. त्यांच्याइतकी नीट रजिस्टरं साऱ्या केंद्रात कुणाची नव्हती. गहू, धूलकोट, वजन ग्रॅममध्ये. चौऱ्याण्णव. शहाण्णव. त्र्याण्णव. पंच्याण्णव. चौऱ्याण्णव. ब्याण्णव. चौऱ्याण्णव. त्र्याण्णव. मग सत्त्याहत्तर. सहासष्ट. अठ्ठावन्न. आणि प्रत्येकापुढे त्यांच्याच ठसठशीत अक्षरात: नमुना अपुरा.

माणसाने रडावं तर कशासाठी, हेही त्यांना क्षणभर ठरवता येईना. भाऊ गेला म्हणून की तो दरवर्षी आपल्याला जेवायला वाढत होता आणि आपण ते ताट अकरा वेळा द्रावणात बुडवून मोरीत ओतलं म्हणून? रजिस्टरावर डोकं टेकून त्या रडल्या. टोमणा! अकरा वर्षं त्या माणसाच्या मायेला त्या टोमणा म्हणत होत्या. अंधाऱ्या खोलीत एकेक दाणा पारखणाऱ्या बाईला हातातली मूठ ओळखता आली नव्हती.

मग त्यांनी एकदम डोकं वर केलं आणि सकाळची यादी ओढली. अनुक्रमांक एकतीस. गहू, धूलकोट. राखीव, एकोणतीस ग्रॅम. खाली त्यांची सही.

इमारतीच्या मागे समाधान चुन्याचं घमेलं घेऊन खड्ड्याच्या काठावर उभा होता.

"थांबा!"

मॅडमना धावताना त्याने बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याने घमेलं खाली ठेवलं.

"टाकले सगळे?"

"आत्ताच. काय झालं? यादी चुकली का?"

मंगलाबाईंनी साडी खोचली, चपला काठावर काढल्या आणि त्या खड्ड्यात उतरल्या. खड्डा कमरेएवढाच होता, पण तळाला पावसाचं पाणी झिरपून चिखल झाला होता. मक्याच्या, भुईमुगाच्या, मिरचीच्या बंद पिशव्या त्यात इकडेतिकडे पडल्या होत्या. त्या वाकून एकेक उचलत, चिठ्ठी पुसत, वाचत आणि बाजूला ठेवत.

"मॅडम, सरका, मी शोधतो. कमर धरेल तुमची."

"तुम्हाला सापडायचा नाही."

पंधरा-वीस मिनिटं गेली. चिखल कोपरापर्यंत आला. मग एक लहानसं पाकीट हाती लागलं. सील जसंच्या तसं होतं, आत गहू कोरडा. मंगलाबाईंनी ते पदराला पुसलं आणि मुठीत धरलं. बंद मुठीत ते सगळं मावत होतं. समाधानने हात देऊन त्यांना वर काढलं.

"राखीव नमुना बाहेर नेता येत नाही," तो हळूच म्हणाला. हे वाक्य त्याने त्यांच्याकडूनच शंभरदा ऐकलं होतं.

"माहीत आहे. रजिस्टरात लिहा, एकतीस नंबर, नष्ट."

समाधानने त्यांच्या मुठीकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं. मग घमेलं उचललं आणि खड्ड्यात चुना टाकू लागला.

रविवारी मंगलाबाई लवकर उठल्या. गल्लीतले माग रविवार असूनही खडखडत होते. खाली गायत्रीबाईंकडे पाहुणे आले होते, पाट मांडल्याचे आवाज वर येत होते. मंगलाबाईंनी आंघोळ केली आणि तोंडात पाणीसुद्धा घेतलं नाही. जातं नव्हतं. मिक्सरचं भांडं त्यांनी गरम पाण्याने तीनदा धुतलं, कोरडं केलं, मग पाकिटाचं सील तोडलं. गहू तळहातावर घेतला. त्यांच्या हातातसुद्धा ती पुरती मूठ होत नव्हती. आणि त्या एकोणतीस ग्रॅमपायी दादा अर्धा तास झगडला होता. नाही, हा तर त्यातला अर्धाच. उरलेला अर्धा त्यांनी दळून तपासला होता. दोष आढळला नव्हता. त्या दिवशी खानदेशात जेवढे रोट भाजले गेले, त्यांत पक्का अहवाल असलेला हा एकच.

पीठ झालं तेही चिमूटभरच. गुळाच्या पाण्यात मळलं, थापलं, तव्यावर टाकलं. लहान मुलाच्या तळहाताएवढा रोट झाला, एका बाजूला जरा करपला. रंभाबाईंचं बरोबर होतं, एवढ्या शिकलेल्या बाईला रोट काही नीट भाजता आला नाही.

पाट मांडून त्या पूर्वेकडे तोंड करून बसल्या. ताटात रोट. बोटांना त्यांची सवय ठाऊक होती, ती रोट मोडून उजेडाकडे धरायला निघालीच होती. त्यांनी हात आवरला. घास तोंडात घातला. गहू गोड होता. खरंच गोड होता. खालच्या वावरातला. चार-पाच घासांत रोट संपला. ताटात पडलेले कण त्यांनी बोटाने टिपून घेतले.

आता ताटातच हात धुवायचे आणि ते पाणी जिथे कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी ओतायचं, ही बापाची शिकवण. मंगलाबाईंनी हात धुतले आणि ताट घेऊन उभ्या राहिल्या. जन्मभर पिकांत वावरलेल्या बाईच्या घरात तुळशीची एक कुंडी नव्हती. खाली गल्लीत हातगाड्या, रिक्षा, माणसं. तसं पाहिलं तर त्यांच्या घरात कुठेही ओतलं असतं तरी चाललं असतं. तिथे कुणाचा पाय पडत होता?

त्या परत पाटावर बसल्या. ताट दोन्ही हातांनी उचललं आणि ते पाणी पिऊन टाकलं.